घाटाखालचे शेजारी
(भोर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या गुरुजींच्या स्मृतीसाठी ही व्याख्यानमाला चालते, ते विद्यार्थ्यांना इतिहास नकाशावर बोट ठेवून शिकवत, असे इथे मघाशी सांगण्यात आले. मीही तिथूनच सुरुवात करतो. ‘महाराष्ट्रातले ज्यू’ हा विषय मी कळवला, तेव्हा संयोजकांनी मोठ्या आदबीने विचारले, “सर, भोरमध्ये ज्यू कुठून आणायचे?” प्रश्न रास्त आहे. वेल्ह्याच्या डोंगरात, तोरण्याच्या पायथ्याशी, ज्यू वस्ती कधी नव्हती. पण आपण भोर म्हणजे आजचा तालुका धरतो आणि संस्थान विसरतो.

भोर संस्थानाचे पाच तालुके होते: विचित्रगड, राजगड, प्रचंडगड, पवनमावळ आणि सुधागड. पहिले चार घाटमाथ्याचे. पाचवा घाटाखाली, कोकणात. पालीचा बल्लाळेश्वर पंतसचिवांच्या, म्हणजे भोरच्या राजांच्या, मुलखात होता, आणि सुधागडावरचा पंतसचिवांचा वाडा आजही उभा आहे. ८ मार्च १९४८ ला संस्थान विलीन झाले. सुधागड कुलाबा जिल्ह्यात गेला, बाकीचा मुलूख पुण्याकडे राहिला, आणि आपल्या डोक्यातून कोकणच पुसले गेले. त्या सुधागडाच्या अंगाने अंबा नदी वाहते, ती नागोठण्यावरून धरमतरच्या खाडीला मिळते. या खाडीच्या आसपासची पेण, रोहा, अष्टमी, अलिबाग, चौल, रेवदंडा अशी गावे घेत गेलात, की बेने इस्रायलांचा, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यूंचा, मुलूख लागतो. पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, झिराडकर, किहीमकर, दिवेकर, नवगावकर ही सगळी ज्यू आडनावे आहेत. हिंदी सिनेमातले डेव्हिड आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे. त्यांचे पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. म्हणजे हे लोक भोरचे रहिवासी नसले, तरी बांधाला बांध लागून असलेले शेजारी होते. त्यांच्याविषयी आज बोलायचे आहे.

कथा अशी सांगतात. फार पूर्वी, परंपरेच्या हिशोबाने इसवी सनापूर्वी पावणेदोनशे वर्षे, एक गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटले. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बुडालेल्यांना नवगावात पुरले. वाचलेल्यांचे ग्रंथ समुद्रात गेले, भाषा हळूहळू गेली. उरली ती एक प्रार्थना, ‘शेमा’. जन्माला, लग्नाला, सुंतेला, मरणाला तीच. आता, चौदा हा आकडा कोकण किनाऱ्याला फारच आवडतो, कारण परशुरामाने चित्पावन केले तेही किनाऱ्याला लागलेल्या चौदा देहांतून. दोन कथांमध्ये कुणी कुणाकडून काय उचलले यावर विद्वानांचे वाद झाले आहेत. मला त्यात फार रस नाही. हाइम सॅम्युएल किहीमकरांनी बेने इस्रायलांचा इतिहास लिहिला. तो १८९७ साली लिहून झाला होता, पण छापून आला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, लेखक जाऊन बरीच वर्षे झाल्यावर. त्यांचा मुद्दा अधिक लक्षात घेण्यासारखा आहे. या लोकांना हनुक्का हा सण ठाऊक नव्हता. तो सण यरुशलेमचे मंदिर पुन्हा शुद्ध केल्याच्या आठवणीचा, इसवी सनापूर्वी १६४ च्या सुमाराचा. तो ठाऊक नाही, म्हणजे हे त्याआधीच निघाले, असा त्यांचा युक्तिवाद. यावर प्रतिवादही आहेत, कारण विसरणे आणि कधी न शिकणे यांत फरक करणे कठीण. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात या समाजात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा अंश स्पष्ट दिसला. गलबत कोणत्या साली फुटले हे त्यातून कळत नाही. लोक बाहेरून आले आणि इथले झाले, एवढे कळते.

किनाऱ्यावर ते तेली झाले. शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. सोमवारी बैल सोडणारे हिंदू तेली ‘सोमवार तेली’ झाले. या गोष्टीवर आपण फार भरभर पुढे जातो. कोलूच्या धंद्यात एक दिवस बंद म्हणजे काय ते वेल्ह्याच्या लोकांना सांगायला नको, कारण इथे खुरासणी पिकते आणि तेल काढण्याचे दिवस मोजके असतात. बैलाला शनिवारीही वैरण लागते. दारात गिऱ्हाईक येऊन उभे राहते. आठवड्याच्या मिळकतीतला सातवा हिस्सा सोडायचा, तो एक-दोन वर्षे नाही, पिढ्यान्‌पिढ्या, आणि तोही ज्या ग्रंथात ही आज्ञा आहे तो घरात नसताना, ज्या भाषेत आहे ती वाचता येत नसताना. धर्म टिकला तो या तोट्यावर. शनिवारी चूल पेटत नसे. मुलाची सुंता आठव्या दिवशी होई. खवले आणि पंख नसलेला मासा खात नसत. दावीद राहबी नावाचा परदेशी ज्यू पुढे कधीतरी इथे आला, त्याची गोष्ट याच माशावर उभी आहे. त्याने खवल्यांचे आणि बिनखवल्यांचे असे दोन्ही मासे बायकांपुढे ठेवले. बायकांनी बिनखवल्यांचे बाजूला सारले, आणि हे आपलेच लोक, अशी त्याची खात्री पटली. हा राहबी कोणत्या शतकातला यावर मतभेद आहेत. काहीजण त्याला अठराव्या शतकातल्या कोचीनच्या राहबी घराण्यातला धरतात. पण गोष्टीत परीक्षा झाली ती बायकांची आणि तीही स्वयंपाकाची, हे मला महत्त्वाचे वाटते. पुरुषांना विचारले असते तर त्यांना सांगता येण्याजोगे फारसे काही नव्हते.

सणांची नावे ऐका. नवे वर्ष म्हणजे नव्याचा सण. प्रायश्चित्ताचा मोठा उपवास, त्या दिवशी घराबाहेर पडायचे नाही, दार लावून घ्यायचे, म्हणून दारफळणीचा सण. त्याच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. खिरीचा सण वेगळा. पुरिमला होळीचा सण, कारण तो होळीच्या आगेमागे येतो, आणि त्या दिवशी पुरणपोळी. यरुशलेमचे मंदिर पडले त्या दुःखाच्या दिवसाला बिरड्याचा सण, कारण उपवास वालाच्या बिरड्याने सुटतो. जगातल्या दुसऱ्या कोणत्याही ज्यूंनी मंदिराचा शोक वालाचे बिरडे खाऊन संपवला नसेल. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा. कुरडयांसाठी आपण गव्हाचा चीक काढतो, तोच चीक, पण त्यात गाईचे दूध नाही, नारळाचे दूध. मांस आणि दूध एकत्र करायचे नाही ही धर्माची अट, आणि कोकणात नारळाला तोटा नाही. द्राक्षारस कुठला मिळणार? मनुका भिजवून सरबत केले आणि त्यावर आशीर्वाद म्हटला. अडचणीतून निघालेल्या या वाटा आज परंपरा म्हणून मिरवतात, आणि मिरवाव्यातच.

आणि मलिदा. एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलिया, याच्या नावाने पोहे, नारळ, साखर आणि फळे ताटात मांडतात. मग नवस फेडणे, लग्न ठरणे, घर घेणे, परदेशी जाणे, काहीही असो. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर खुणा आहेत. एलियाहूचा रथ तिथून आकाशात गेला, त्या चाकांच्या नि टापांच्या त्या खुणा, अशी श्रद्धा आहे. ‘एलियाहू हन्नाबीचा टापा’ म्हणतात त्याला. इस्रायलहून येणारी मंडळी मुद्दाम तिथे जातात. शिवाजीमहाराजांच्या घोड्याच्या टापा प्रत्येक घाटात दाखवणाऱ्या आपल्या मावळाला यात नवल वाटू नये.

इथपर्यंत ऐकून एक वाक्य सगळ्यांच्या ओठावर येते. ज्यूंचा दुसरीकडे छळ झाला, पण इथे झाला नाही. हे खरे आहे. युरोपात जे झाले त्यातले काहीही कोकणात झाले नाही. सभांमध्ये हे वाक्य उच्चारताना आपण जरा ताठ बसतो. मला मात्र दरवेळी थोडी अस्वस्थता वाटते, आणि आजचे व्याख्यान मी खरे तर तेवढ्यासाठीच घेतले.

छळ का झाला नाही? आपण फार उदार होतो म्हणून? माझे उत्तर निराळे आहे. गावगाड्याने त्यांना कधी ‘तुम्ही काय मानता’ असे विचारलेच नाही. गावाने दोनच गोष्टी विचारल्या: काम काय करता, आणि रोटी-बेटी कुणाशी करता. तेल काढतो, आणि आपापसात, एवढे उत्तर पुरेसे होते. जगात दुसरीकडे ज्यूंना वेगळे ठेवण्यासाठी भिंतींची वस्ती लागली. इथे जातीचा नियम आयताच होता, आणि तो त्यांच्या धर्माच्या नियमाशी जुळला. बाहेर लग्न करायचे नाही, हे त्यांचा धर्म सांगतो आणि जातही सांगते. ग्रंथ नसलेला समाज शतकानुशतके विरघळला नाही, याचे अर्धे श्रेय त्यांच्या शनिवारला आणि अर्धे आपल्या जातीव्यवस्थेला द्यावे लागते. ही कबुली गोड नाही, पण खरी आहे.

जातीने त्यांना आसरा दिला, आणि भाडेही वसूल केले. त्यांच्यात गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल असे दोन तट पडले. ज्यांच्या घरात बाहेरची बाई आली असे समजले जाई ते काळे. गोऱ्यांनी काळ्यांत लग्न करायचे नाही, पंक्ती वेगळ्या, मानपानात डावे-उजवे. यहुदी धर्मशास्त्रात याला आधार नाही. हा भेद आपल्या वाड्या-वस्त्यांतून त्यांच्या घरात शिरला. विधवेचे लग्न धर्माला मान्य असून टाळले जाई. गोमांस धर्मात चालत असून कित्येक घरांत वर्ज्य होते. शेजाऱ्यांच्या चांगल्या चालीबरोबर वाईट चालीही आल्या. किहीमकरांसारख्या सुधारकांनी त्यावर लिहिले आहे. एकोणिसाव्या शतकात बगदादहून श्रीमंत ज्यू व्यापारी आले, ससून वगैरे, तेव्हा त्यांनी बेने इस्रायलांकडे याच नजरेने पाहिले: हे शुद्ध आहेत का? मुंबईतल्या सामाईक दफनभूमीत मध्ये भिंत घाला, अशी मागणी त्यांनी सरकारकडे केली. मेल्यावरसुद्धा पंक्तिप्रपंच.

याच ससूनांचे पुण्यातले ज्यू प्रार्थनास्थळ, म्हणजे लाल देऊळ, पुणेकरांना माहीत असते. १८६३ साली डेव्हिड ससूनने बांधायला घेतले, १८६७ ला पुरे झाले. ससून स्वतः १८६४ ला पुण्यात वारला, त्याची कबर तिथेच आवारात आहे. ससून हॉस्पिटलही त्याच्याच देणगीतले. पण रास्ता पेठेतले सुक्कत शेलोमो, १९२१ सालचे, फार थोड्यांना ठाऊक असते. ते बेने इस्रायलांचे, म्हणजे मराठी बोलणाऱ्यांचे. कारकून, ओव्हरसियर, कंपाउंडर, पेन्शनर सुभेदार अशा लोकांनी आपापल्या पगारातून उभे केले. मला विचाराल तर पुण्याचा ज्यू इतिहास या दुसऱ्या इमारतीत जास्त आहे.

हे लोक घाट चढून पुण्याला आले ते फौजेमुळे. कंपनी सरकारच्या पलटणींत बेने इस्रायल मोठ्या प्रमाणात भरती झाले आणि देशी अंमलदारांच्या हुद्द्यांपर्यंत चढले. त्यातला सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझिकेल, टिपूच्या कैदेत पडला. टिपूच्या आईने कुराणातल्या ‘बनी इस्राईल’चा दाखला देऊन त्याचा जीव वाचवला, अशी आठवण सांगतात. सुटून आल्यावर नवस फेडावा तसे त्याने १७९६ साली मुंबईत पहिले प्रार्थनास्थळ बांधले. बेने इस्रायल त्याला मशीदच म्हणत. रेल्वेच्या ‘मशीद’ स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, आणि जवळचा सॅम्युएल स्ट्रीट त्याच्याच नावाचा. रोज लाखो माणसे त्या स्टेशनावरून जातात. कितींना ठाऊक असेल?

पलटणीपाठोपाठ शिक्षण आले. कोचीनचा शेलोमो सालेम शुर्राबी येऊन प्रार्थनेचे पाठ देऊ लागला. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सनने १८३२ साली हिब्रूचे व्याकरण मराठीत छापले. त्याचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले आणि धर्मांतर नम्रपणे नाकारले. या व्यवहारीपणाला मी मनापासून दाद देतो. पुढे १८७४ साली पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात हग्गादा छापली गेली. ज्यू लोक मिसर देशातून सुटल्याची कथा वल्हांडणाच्या रात्री ज्यातून वाचतात ते हे पुस्तक. हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत, आणि चित्रांत साडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दाखवलेल्या आहेत. एका ब्राह्मणाच्या छापखान्यात, पेशवाई बुडून छप्पन्न वर्षे झाल्यावर, मोशेची गोष्ट बाळबोध लिपीत छापली गेली. आज जगातल्या मोठमोठ्या ग्रंथालयांत या प्रती जपून ठेवल्या आहेत.

त्यानंतर कीर्तन. १८८० च्या सुमाराला बेन्यामीन शिमशोन अष्टमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी बेने इस्रायलांमध्ये कीर्तन सुरू केले. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी सगळे आपले. आख्यान मात्र योसेफाचे, अब्राहामाचे, मोशेचे. धर्मकथा मराठी कानांना कळावी म्हणून त्यांनी हरिदासाचा साज उचलला. भोरला रामनवमीच्या उत्सवात कीर्तने ऐकत मोठ्या झालेल्या श्रोत्यांना त्या आख्यानांतही ठेका सापडला असता, एवढे मी खात्रीने सांगतो.

पुण्याच्या हुजूरपागा शाळेतल्या मुलींचीही आठवण काढायला हवी. रिबेका रूबेन हुजूरपागेची विद्यार्थिनी, १९०५ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला पहिली आली. पुढे मुंबईच्या एली कदूरी शाळेची कित्येक वर्षे मुख्याध्यापिका होती. ही शाळा मुळात किहीमकरांनी १८७५ साली काढलेली. जेरुशा झिराडही हुजूरपागेचीच. लंडनला जाऊन एम.डी. झाली, मुंबईच्या कामा हॉस्पिटलची प्रमुख झाली, १९६६ ला पद्मश्री मिळाली. ज्या शतकात गोऱ्या-काळ्याचा वाद चालू होता, त्याच शतकाच्या शेवटी जन्मलेल्या या मुली. संस्थानिकांकडेही या समाजातली माणसे वर चढली. शालोम बापूजी इस्रायल जंजिऱ्याचे कारभारी होते आणि त्यांचे बंधू जेकब बापूजी औंधचे. भोरच्या शेजारच्या औंध संस्थानाचा कारभार एका ज्यू माणसाने पाहिला, हे साताऱ्याकडच्या लोकांनाही क्वचितच ठाऊक असते.

आणि मग १९४८. इस्रायल देश झाला. तेव्हा भारतात बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. त्यांना कुणी हाकलले नाही. ते आपणहून गेले, धर्माच्या ओढीने आणि नोकरीच्या चिंतेने. तिथे सगळे सुरळीत झाले नाही. कामाच्या आणि वागणुकीच्या तक्रारी घेऊन काहींनी १९५१-५२ ला तेल अवीवमध्ये धरणे धरले, आणि काही कुटुंबे परतही आली. त्याहून मोठा घाव १९६२ सालचा. तिथल्या मुख्य धर्मपीठाने आदेश काढला की बेने इस्रायलांचे इतर ज्यूंशी लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या आई-आजीच्या कुळाची चौकशी करावी, मागे जाता येईल तितके जावे. रेवदंड्याच्या आजीने कधी कुणाशी लग्न केले, त्याचा कागद यरुशलेमला मागायचा! जी शुद्धाशुद्धीची खतावणी कोकणातल्या गावाने त्यांच्या घरात शिरवली होती, तीच आता दुसऱ्या टोकाने, स्वधर्मीयांनी, त्यांच्यासमोर उघडून धरली. त्यांनी काय केले? मोर्चे काढले, धरणे दिले, उपोषणाला बसले. १९६४ साली इस्रायलच्या संसदेने ठराव केला की बेने इस्रायल सर्व अर्थांनी ज्यू आहेत. ही लढाई त्यांनी कशा पद्धतीने लढली हे पाहिले, तर ती माणसे कोणत्या देशातून गेली होती ते लगेच कळते.

आता इथे चार-पाच हजार उरले असतील, बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. २०१६ साली महाराष्ट्र सरकारने त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबागचे १८४८ चे आणि पनवेलचे १८४९ चे प्रार्थनास्थळ चालू आहे. प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष गोळा करण्यासाठी मात्र काही ठिकाणी फोन फिरवावे लागतात. तिकडे इस्रायलमध्ये ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक १९८० च्या दशकात सुरू झाले. त्यात पाककृती येतात, कविता येतात, आणि जुन्या गावांच्या आठवणीही.

शेवटी एक काम सांगतो, आणि ते भोरच्या लोकांनाच सांगण्यासारखे आहे. संस्थानच्या काळात सुधागड तालुक्याशी संबंध असलेली घराणी इथे अजून आहेत: कारभाऱ्यांची, कुलकर्ण्यांची, फडणिसांची. माळ्यावर जुन्या कागदांचे रुमाल असतील, वह्या असतील. तेलाच्या घाण्यांवर जिथे काही घेतले-दिले असेल, तिथे घाणेवाल्यांची नावे लिहिलेली असणार. बेने इस्रायल आपली नावे मराठी वळणाने घेत, त्यामुळे वरवर पाहिले तर ती ओळखू येत नाहीत. सामाजी, हसाजी, इसाजी, मुसाजी, एलोजी, अकोबा, बुन्नाजी अशी नावे दिसली, आणि पुढे तेली लिहिले असेल, तर थांबा. एकट्या ‘इसाजी’वरून काही ठरवू नका, हे नाव मराठ्यांतही आहे. दोन-तीन पिढ्यांची नावे एकत्र पाहा. मुसाजी बिन हसाजी असे काही सापडले, तर त्या पानाचे छायाचित्र घ्या, गावाचे नाव आणि साल टिपा, आणि तो कागद कुणाला विकू नका. व्याख्यानमालेच्या कार्यालयात नोंद ठेवण्याची तयारी संयोजकांनी दाखवली आहे. प्रश्न असतील तर आता विचारावेत, आणि कुणाच्या घरी रुमाल असतील तर त्यांनी आधी बोलावे.